उपचारातील हलगर्जीपणा आणि नुकसानभरपाई : विदर्भातील गावाकडच्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन

विदर्भातील खेड्यातला गंभीर आजारी माणूस सहसा एकाच दवाखान्यात राहत नाही. गावातल्या डॉक्टरने आधी सुई-सलाईन दिलेली असते, मग तालुक्याच्या खासगी दवाखान्यात दोन-तीन दिवस भरती केलेले असते, आणि प्रकृती हाताबाहेर गेली की रात्री-बेरात्री त्याला नागपूरच्या मेडिकलला किंवा मेयोला, सेवाग्रामला, सावंगीला, नाहीतर यवतमाळ-अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात हलवले जाते. या प्रवासात कुठेतरी हयगय झाली असेल, तर ती नेमकी कोणत्या टप्प्यावर आणि कोणाकडून झाली हे दाखवण्याची जबाबदारी कायद्याने प्रामुख्याने कुटुंबावर टाकलेली आहे. ते दाखवता येते ते कागदांच्या आधारे, आणि हे कागद पहिल्या काही दिवसांतच हाती येऊ शकतात. वकील पुढे केव्हाही मिळतो, पण हरवलेली किंवा बदललेली फाईल परत मिळत नाही. म्हणून पुढील मजकुरात सर्वांत जास्त जागा कागदांना दिली आहे.

हलगर्जीपणा कशाला म्हणतात

रुग्ण दगावला किंवा बरा झाला नाही, एवढ्यावरून डॉक्टरची चूक सिद्ध होत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरने त्या शाखेतील सर्वसाधारण कुशल डॉक्टरइतकी काळजी घेतली का, हा न्यायालयाचा पहिला प्रश्न असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये पुण्यातील एका प्रकरणात डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली होती : रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी घेणे, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी घेणे, आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना काळजी घेणे. यांपैकी एका जरी कर्तव्यात कसूर झाली आणि त्या कसुरीमुळेच नुकसान झाले, असे दोन्ही भाग सिद्ध झाले, तरच भरपाईचा हक्क उभा राहतो. दुसरा भाग बहुतेक कुटुंबांच्या नजरेतून सुटतो. सर्पदंशाचा रुग्ण चार तास उशिरा आणला गेला असेल आणि डॉक्टरने प्रतिविष देण्यात आणखी अर्धा तास घालवला असेल, तर मृत्यू कोणत्या उशिरामुळे झाला हा वाद समोरचा पक्ष नक्कीच घालणार.

दोन मान्य उपचारपद्धतींपैकी डॉक्टरने एक निवडली आणि ती लागू पडली नाही, तर तो हलगर्जीपणा ठरत नाही. कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया अयशस्वी झाली म्हणजे सर्जन निष्काळजी होता असे आपोआप ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले आहे. याउलट काही चुका स्वतःच बोलतात. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ मध्ये नसबंदीच्या शस्त्रक्रियेत एका महिलेच्या पोटात टॉवेलचा बोळा राहिला आणि ती दगावली. अच्युतराव खोडवा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनालाच जबाबदार धरले. यवतमाळ जिल्ह्यातील कापसी-कोपरी येथे ३१ जानेवारी २०२१ रोजी १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजले गेले, ती चूकही याच जातीची होती. चुकीच्या गटाचे रक्त, चुकीच्या पायावर शस्त्रक्रिया, पोटात राहिलेले कापड किंवा हत्यार, अशा प्रसंगी कुटुंबाला फारसे सिद्ध करावे लागत नाही, आणि खुलासा देण्याचे ओझे दवाखान्यावर येते.

संमतीचा प्रश्न वेगळा आहे. कोऱ्या किंवा इंग्रजी छापील फॉर्मवर अंगठा घेतला म्हणजे रुग्णाने सगळ्यालाच होकार दिला असे होत नाही. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढण्यासाठी चालत नाही, आणि जिवाला तातडीचा धोका नसेल तर शुद्धीवर येऊ शकणाऱ्या सज्ञान रुग्णाऐवजी नातेवाइकाची सही पुरत नाही. आपल्याकडे नवऱ्याची किंवा सासूची सही घेऊन बाईचे गर्भाशय काढले जाते, तेव्हा हा निकाल आठवणीत असावा.

डॉक्टर खरोखर कोणत्या शाखेचा आहे आणि त्याची नोंदणी आहे का, हेही तपासावे. होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिल्याने रुग्ण दगावला, त्या १९९६ च्या निकालात न्यायालयाने शाखेबाहेर जाऊन उपचार करणे हाच हलगर्जीपणा मानला. महाराष्ट्रात आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांना काही मर्यादेत आधुनिक औषधे देण्याची मुभा शासनाने दिलेली आहे, त्यामुळे केवळ पदवीकडे पाहून निष्कर्ष काढू नये. ज्याची कोणत्याच परिषदेकडे नोंदणी नाही, अशा बोगस डॉक्टरविरुद्ध तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि पोलिसांत थेट तक्रार करता येते, कारण त्याचे कृत्य हा स्वतंत्र गुन्हा आहे.

कागद कसे मिळवावेत

डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे २००२ चे विनियम सांगतात, की भरती असलेल्या रुग्णाचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवावेत, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांत द्यावेत. डिस्चार्ज कार्ड म्हणजे अभिलेख नव्हे. डिस्चार्ज कार्डावर दवाखान्याला जे सांगायचे आहे तेवढेच असते. मागायची असते ती संपूर्ण भरतीची फाईल : डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, परिचारिकांचा औषधे व नाडी-रक्तदाबाचा तक्ता, शस्त्रक्रियेची नोंद, भूल देणाऱ्या डॉक्टरची नोंद, संमतीपत्र, रक्त-लघवीचे अहवाल, आणि क्ष-किरण व सोनोग्राफीच्या मूळ फिल्म. प्रसूतीच्या प्रकरणात कळांची प्रगती आणि बाळाच्या ठोक्यांचा तक्ता हा सर्वांत महत्त्वाचा कागद असतो. तो कोरा निघाला, तर त्या कोरेपणातूनही बरेच सिद्ध होते.

अर्ज साधा असावा आणि त्यात आरोप नसावेत. ‘मी अमुक गावचा रहिवासी असून माझी पत्नी आपल्या दवाखान्यात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत भरती होती. तिच्या संपूर्ण भरतीच्या अभिलेखांची, सर्व तक्ते, नोंदी, संमतीपत्रे व अहवालांसह, साक्षांकित प्रत मला द्यावी, त्याचे झेरॉक्सचे पैसे भरण्यास मी तयार आहे’ इतका मजकूर पुरतो. रुग्ण हयात असेल तर त्याची सही किंवा अंगठा घ्यावा, दगावला असेल तर वारसाने सही करावी व नात्याचा पुरावा जोडावा. अर्जाच्या दोन प्रती करून एकीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. पोच देण्यास नकार मिळाला तर वाद न घालता तोच अर्ज त्याच दिवशी पोस्टाने पोचपावतीसह पाठवावा. दवाखान्याने फाईल दिलीच नाही, तर ते नाकारणेच सेवेतील त्रुटी म्हणून पुढे मांडता येते, आणि ग्राहक आयोग, म्हणजे भरपाईची तक्रार जेथे करता येते ती जिल्ह्याची यंत्रणा, दवाखान्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकतो. शासकीय रुग्णालयाकडे हाच अर्ज करावा, आणि उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या शुल्कासह मागणी करावी. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला हे शुल्क माफ आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

फाईलबाहेरचे कागदही तितकेच मोलाचे आहेत. गावातल्या डॉक्टरने चिठ्ठी दिली नसेल तर मेडिकल स्टोअरची पावती, उरलेल्या गोळ्यांची पाने, इंजेक्शनची रिकामी बाटली आणि तिच्यावरील बॅच क्रमांक जपावा. १०८ रुग्णवाहिकेच्या नोंदीत फोन केल्याची, गाडी पोहोचल्याची आणि रुग्णालय गाठल्याची वेळ असते, त्यावरून उशीर कोणी केला हे उलगडते. गरोदर महिलेचे माता-बाल संरक्षण कार्ड कुटुंबाच्याच हाती असते, ते दवाखान्यात ‘जमा’ करण्यापूर्वी त्याचे फोटो काढून ठेवावेत. जखम, प्लास्टर, काळी पडलेली बोटे, सुजलेला दंड यांचे रोजचे फोटो मोबाईलमध्ये घ्यावेत आणि ते व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ फोटो पुसू नयेत, कारण तारीख-वेळेची माहिती मूळ फाईलमध्ये असते. डॉक्टरला केलेल्या फोनची यादीही जपावी.

पैसे रोख दिले आणि पावती मिळाली नाही, ही गावाकडची नेहमीची अडचण आहे. अशा वेळी बँकेतून किंवा बचत गटातून त्या दिवशी काढलेली रक्कम, फोनवरून केलेला भरणा, सोने गहाण ठेवल्याची चिठ्ठी यांवरून पैसे दिल्याचे दाखवता येते. तरीही डिस्चार्जच्या वेळी पक्के बिल मागावे आणि नाकारल्यास लेखी मागावे. पैसे दिल्याचा पुरावा हा ग्राहक आयोगाचा उंबरठा ओलांडण्याचा पहिला आधार आहे.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. रुग्णाला मोठ्या रुग्णालयात नेल्यावर भरती करून घेणारा डॉक्टर विचारतो, की आधी कुठे दाखवले, काय झाले, केव्हापासून झाले. त्या क्षणी जे सांगितले जाते ते ‘पूर्वेतिहास’ म्हणून फाईलमध्ये लिहिले जाते, आणि त्याखाली रुग्ण कोणत्या अवस्थेत आला हे तो डॉक्टर स्वतः तपासून लिहितो. घट्ट प्लास्टरमुळे पाय काळा पडून आला, शस्त्रक्रियेच्या जखमेतून पू वाहत होता, गर्भपिशवी फाटलेली होती, अशा नोंदी दुसऱ्या डॉक्टरने कोणत्याही वादाची कल्पना नसताना केलेल्या असतात, आणि म्हणून कोणत्याही विकत घेतलेल्या तज्ज्ञमतापेक्षा त्यांना जास्त वजन येते. घाईत किंवा भीतीपोटी ‘घरीच उपचार केला’ असे सांगितले, तर तेच वाक्य पुढे दोन वर्षे कुटुंबाविरुद्ध वाचले जाते. म्हणून सोबत जाणाऱ्याने आधीच्या दवाखान्याचे नाव, भरतीची तारीख, झालेली शस्त्रक्रिया आणि रेफर केल्याची वेळ नीट सांगावी, रेफर चिठ्ठी दाखवावी, पण ती मूळ प्रत देऊन टाकू नये.

घरी परतल्यावर एका वहीत घटनाक्रम लिहून काढावा. रुग्णाजवळ जे जे होते त्यांनी आपापले पाहिलेले सांगावे आणि ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहावी. आपल्याकडे तारखा पोळ्याच्या किंवा अक्षय तृतीयेच्या हिशेबाने लक्षात राहतात, त्या कॅलेंडरवरून लावून घ्याव्यात.

मृत्यू झाला असल्यास

संशयास्पद मृत्यूनंतर शवविच्छेदन झाले नाही, तर मृत्यूचे कारण हा कायमचा वादाचा विषय राहतो, आणि त्या वादाचा फायदा बहुतेक वेळा दवाखान्याला मिळतो. आपल्या माणसाची चिरफाड नको ही भावना अगदी स्वाभाविक आहे, आणि त्या तासाला हा निर्णय घेणे कुटुंबासाठी अत्यंत कठीण असते. तरीही हलगर्जीपणाची शंका असेल तर प्रेत घरी नेण्यापूर्वी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, अकस्मात मृत्यूची नोंद व पंचनामा करून घ्यावा, आणि ज्या रुग्णालयाविरुद्ध तक्रार आहे त्याऐवजी दुसऱ्या शासकीय रुग्णालयात, शक्य तर वैद्यकीय महाविद्यालयात, एकाहून अधिक डॉक्टरांच्या पथकाकडून शवविच्छेदन व्हावे अशी मागणी तक्रारीतच लिहावी. त्याचे चित्रीकरण करण्याची आणि व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवण्याची मागणीही तेथेच करावी. बिल बाकी आहे म्हणून प्रेत अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही दवाखान्याला नाही.

दवाखान्याची तोडफोड किंवा डॉक्टरला मारहाण कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नये. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते, आणि ज्या कुटुंबावर अन्याय झाला तेच आरोपी म्हणून कोर्टाच्या तारखा करत राहते.

तक्रार कोठे करता येते

भरपाईसाठी सर्वांत सोपा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा आहे. १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. त्याच निकालाने मर्यादाही आखल्या. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात त्या शासकीय रुग्णालयातील रुग्ण ग्राहक ठरत नाही, आणि केस पेपरचे नाममात्र पैसे भरले म्हणूनही तो ग्राहक होत नाही. मात्र जो दवाखाना काहींकडून पैसे घेतो आणि काहींना मोफत उपचार देतो, तेथील मोफत रुग्णही ग्राहक असतो. धर्मादाय रुग्णालयातील निर्धन खाटेवरच्या रुग्णाला याचा आधार मिळतो. विमा कंपनीने बिल भरले असले तरी रुग्ण ग्राहकच राहतो, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खासगी रुग्णालयाला पैसे मिळाले असतील तर तेच तत्त्व पुढे करून तक्रार मांडावी. योजनेत असूनही रुग्णालयाने वेगळे पैसे उकळले असतील, तर रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राकडे आणि १५५३८८ या क्रमांकावर त्याची स्वतंत्र तक्रार करावी.

ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील हलगर्जीपणासाठी दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका हे मार्ग आहेत. शासनाविरुद्धच्या दाव्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. दिवाणी दाव्याच्या मुदती नुकसानीच्या स्वरूपानुसार बदलतात, म्हणून वर्ष उलटण्याआधी वकिलाला भेटावे. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही एका वर्षाच्या आत तक्रार करता येते, आणि तातडीच्या रुग्णाला शासकीय रुग्णालयाने परत पाठवले असेल तर हा मार्ग विशेष उपयोगी आहे, कारण असे परत पाठवणे हा जगण्याच्या हक्काचा भंग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच म्हटले आहे. दुर्घटनेनंतर शासन जी मदत जाहीर करते ती वेगळी असते. भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या आगीत दहा नवजात बालके दगावली, तेव्हा प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपये जाहीर झाले. ती मदत होती. न्यायालयाने नुकसान मोजून ठरवलेली भरपाई नव्हे.

कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू, गुंतागुंत किंवा पुन्हा गर्भधारणा झाल्यास शासनाच्या विमा-भरपाई योजनेत ठरावीक रक्कम मिळते. तेथे डॉक्टरची चूक सिद्ध करावी लागत नाही, पण अर्ज ९० दिवसांत तालुका आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा शल्य चिकित्सकांमार्फत जावा लागतो. आशाताईंना या योजनेची माहिती असते, त्यांची मदत घ्यावी.

पोलिसांतील गुन्ह्याबद्दल गावात मोठ्या अपेक्षा असतात, त्या आवरत्या घ्याव्यात असे माझे मत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) नुसार उपचार करताना निष्काळजीपणाने मृत्यू घडवणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी गुन्ह्यासाठी घोर स्वरूपाचा निष्काळजीपणा आवश्यक मानला असून, पोलिसांनी पुढे जाण्यापूर्वी त्या शाखेच्या, शक्यतो शासकीय सेवेतील, डॉक्टरचे निष्पक्ष मत घ्यावे असे बंधन घातले आहे. या मतासाठी महिनोन्‌महिने जातात. गुन्हा दाखल झाला नाही म्हणून ग्राहक आयोगातील तक्रार अडत नाही, कारण तेथे पुराव्याची पातळी कमी असते. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काही काळासाठी किंवा कायमचे काढू शकते, पैसे देववू शकत नाही. पण परिषदेने डॉक्टरला दोषी धरले, तर तो आदेश ग्राहक आयोगात मोठा आधार ठरतो.

ग्राहक आयोगातील तक्रार

२०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, गावाकडच्या माणसाची एक मोठी अडचण दूर केली. तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही आता तक्रार करता येते. गडचिरोलीच्या कुटुंबाला नागपूरच्या रुग्णालयाविरुद्ध गडचिरोलीतच दाद मागता येते. उपचारासाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच जाते. अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, त्यामुळे बिल ६० हजारांचे आणि मागणी ३० लाखांची असली तरी चालते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क शून्य आहे. तक्रार मराठीत लिहिता येते, ऑनलाइन दाखल करता येते आणि वकिलाशिवाय स्वतः चालवता येते. तरी वैद्यकीय प्रकरणात वकील असावा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, तसेच महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असणाऱ्यांना जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयातून मोफत वकील मिळतो, आणि चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. ‘मिळेल त्यातले अर्धे माझे’ असा करार करणाऱ्या वकिलापासून दूर राहावे. असा करार वकिलांच्या बार कौन्सिलच्या नियमांविरुद्ध आहे.

मुदत दोन वर्षांची आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर पोटात राहिलेला कापडाचा बोळा नऊ वर्षांनी सापडलेल्या एका परिचारिकेची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुदतबाह्य ठरवली, कारण इतकी वर्षे दुखत असूनही तिने चौकशी केली नव्हती. शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे थांबत नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरकडून तपासून घेणे प्रकृतीसाठी जसे आवश्यक आहे तसे कायद्यासाठीही आवश्यक आहे.

तक्रारीत दवाखाना आणि डॉक्टर दोघांनाही प्रतिवादी करावे. तालुक्याच्या दवाखान्यात सर्जन किंवा भूलतज्ज्ञ बऱ्याचदा बाहेरून बोलावलेला असतो आणि त्याचे नाव कुटुंबाला ठाऊकच नसते. त्यामुळे अडून राहू नये, कारण रुग्णालयाला प्रतिवादी केले असेल तर प्रत्येक डॉक्टरचे नाव नसल्याने तक्रार बाद होत नाही आणि काळजी घेतल्याचे दाखवणे रुग्णालयाचे काम आहे, असे २००४ चा निकाल सांगतो. मजकूर तारखेनुसार लिहावा, प्रत्येक वाक्यामागे कोणता कागद आहे त्याचा क्रमांक द्यावा, आणि चूक नेमक्या शब्दांत सांगावी. ‘डॉक्टरने बरोबर लक्ष दिले नाही’ यापेक्षा ‘रात्री नऊपासून पहाटे चारपर्यंत रक्तस्राव होत असताना एकाही डॉक्टरची नोंद नाही’ हे वाक्य शंभरपट उपयोगी आहे.

प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, हे २०१० च्या निकालाने स्पष्ट झाले आहे. मलेरियाच्या रुग्णाला टायफॉइडचे उपचार दिल्याचे ते प्रकरण होते. तरीही गुंतागुंतीच्या प्रकरणात मत मिळवलेले बरे. जिल्ह्यातले डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहून देण्यास कचरतात, म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातील किंवा विदर्भाबाहेरील त्याच शाखेच्या डॉक्टरला फाईल दाखवावी. त्याने हलगर्जीपणा झालेला नाही असे सांगितले, तर तेही शांतपणे ऐकून घ्यावे, कारण चार वर्षांच्या हेलपाट्यांपेक्षा ते उत्तर आज मिळालेले चांगले.

भरपाईचा आकडा हवेत ठरवू नये. झालेला खर्च, पुढे लागणारा उपचार, प्रवास, सांभाळणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी, कमावत्याचे गेलेले उत्पन्न आणि सोसलेला त्रास असे वेगवेगळे आकडे मांडावेत. शेतकऱ्याचे उत्पन्न सातबारा, आठ-अ, पीक पाहणीची नोंद आणि कापूस-सोयाबीन विकल्याच्या पट्ट्यांवरून दाखवता येते, तर मजुराचे रोजगार हमीच्या जॉब कार्डावरून आणि ज्यांच्या शेतात काम केले त्यांच्या प्रतिज्ञापत्रावरून. दगावलेली बाई ‘फक्त घरकाम’ करत होती असे लिहू नये. घर, मुले आणि गुरे सांभाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचे पैशातले मोल सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत मान्य केले आहे, आणि आपल्याकडे ती बहुधा निंदण-वेचणीलाही जात असते.

तडजोड आणि आदेशानंतर

नोटीस गेल्यावर अनेकदा गावातला एखादा पुढारी मध्यस्थ म्हणून येतो. तडजोड करणे चुकीचे नाही. उलट, रक्कम योग्य असेल तर वर्षानुवर्षांच्या तारखा वाचतात. पण ती आयोगाच्या मध्यस्थी कक्षात किंवा लोकअदालतीत नोंदवून करावी, रक्कम धनादेशाने किंवा बँकेत घ्यावी, आणि ‘आमची काहीही तक्रार नाही’ अशा मजकुराच्या स्टॅम्प पेपरवर पैसे हाती येण्यापूर्वी सही करू नये. शोकात असलेल्या कुटुंबाकडून तेराव्याच्या आत असा कागद करून घेतला जातो, म्हणून तेवढ्या दिवसांत कशावरच सही न करण्याचे घरात ठरवून टाकावे.

समोरच्या पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात आणि फार तर आणखी १५, त्यानंतर नाही. कायद्यात निकालासाठी तीन ते पाच महिने सांगितले असले तरी वैद्यकीय प्रकरणे प्रत्यक्षात त्याहून बरीच लांबतात. प्रत्येक तारखेचा रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद, पाहून ठेवावा आणि एकही तारीख चुकवू नये, कारण तक्रारदार गैरहजर राहिल्यास तक्रार निकाली निघू शकते. आदेश विरुद्ध गेला, तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, आणि विदर्भासाठी राज्य आयोगाचे खंडपीठ नागपुरात आहे. दवाखान्याने अपील केले, तर त्याला आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत, असे झाल्यास त्याच जिल्हा आयोगात वसुलीचा अर्ज करावा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. रक्कम जमा होताना अल्पवयीन मुलांचा वाटा त्यांच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याची विनंती अर्जातच करावी, म्हणजे तो पैसा घरातल्या जुन्या कर्जात वळता होत नाही.